असामान्य असल्याचा दाखला

उत्पन्नाचा दाखला काढलाय, डोमिसाइल काढलंय, बाबांचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला निघतोच. असामान्य असल्याचा दाखला, म्हणजे अमेरिकेचा ओ-१ व्हिसा, मात्र आमच्या घरात पहिल्यांदाच निघाला. त्याला जवळजवळ वर्ष लागलं, साडेसहा लाखांच्या वर रुपये गेले आणि ४१२ पानं लागली. या वाटेवरचं मराठीत कुणी काही सांगितलं असतं, तर निदान दोन महिने आणि एका वकिलाची फी वाचली असती, म्हणून लिहून ठेवतेय. मी वकील नाही. नियम आणि शुल्कं बदलत असतात. इथले आकडे २०२४-२५ मध्ये मी स्वतः भरलेले आहेत.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. नवव्या वर्षापासून बासरी शिकले, बांबूची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीच्या हट्टाने एनसीपीएला जॅझची मैफल ऐकायला गेले आणि परतीच्या लोकलमध्ये भायखळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. महिन्याभरात २२ हजारांची जुनी फ्लूट घेतली. फुंक मारायची जागा तीच, पण बाकी सगळं परकं. बांबूवर बोट हळूच सरकवलं की मींड निघते. माझ्या त्या फ्लूटवर बोटाखाली भोकच नव्हतं, चावी होती. ती एकतर उघडी, नाहीतर बंद. एका रागात तासभर रमायची सवय असलेल्या डोक्याला दर दोन मात्रांनी बदलणाऱ्या कॉर्डमागे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीमागे) पळायला शिकायला चार वर्षं लागली.

२०२१ मध्ये जॅझ शिकायला न्यूयॉर्कला गेले. तिथे रात्रीच्या जॅम सेशनला यादीत नाव लिहून एक-एक वाजेपर्यंत थांबायचं. सॅक्सोफोनवाले सहा, ट्रंपेटवाले चार आणि फ्लूट घेऊन मी एकटी. माइक नसेल तर माझं वाजवणं मला आणि शेजारच्या बेसवाल्याला, दोघांनाच ऐकू यायचं. हा बेसवाला पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

२०२३ मध्ये पदवी मिळाली. त्यानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायला १२ महिने मिळतात, त्याला ओपीटी म्हणतात. इंजिनिअर मंडळींना त्यावर आणखी २४ महिने मिळतात, संगीतवाल्यांना नाही. माझी ओपीटी १४ जुलै २०२४ला संपणार होती आणि त्यानंतर गाशा गुंडाळायला ६० दिवस. तोवर मी तीन बँडमध्ये वाजवत होते, दोन शाळांत शिकवत होते. सगळं नुकतं कुठे रांगेला लागत होतं.

पहिली चूक इथेच झाली. एप्रिलमध्ये जाग आली, ती आदल्या डिसेंबरमध्ये यायला हवी होती. दुसरी चूक म्हणजे पहिला वकील. तासाभराच्या सल्ल्याचे ३०० डॉलर घेतले आणि पुढे दोन महिने ईमेलला उत्तर नाही. कलाकारांचे व्हिसा किती केले, त्यातले वादक किती, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वकीलबाई भेटल्या जूनमध्ये. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुझ्यात असामान्य काय आहे?" घरी कुणी असं विचारलं असतं आणि मी उत्तर दिलं असतं, तर आईने पाठीत धपाटा घातला असता. मी म्हटलं, "तसं काही नाही, बरी वाजवते." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे वाक्य पुन्हा कुठे बोलू नकोस.

मग त्यांनी समजावलं. ओ-१ हा व्हिसा अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने आला. नाव भारदस्त आहे, असामान्य क्षमता वगैरे. पण कलाकारांसाठी कसोटी नावलौकिकाची आहे, म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या चारचौघांपेक्षा ठळक वेगळं असणं. नोबेल लागत नाही. सहा निकष असतात, त्यातले तीन सिद्ध करायचे: नावाजलेल्या कार्यक्रमांत प्रमुख भूमिका, वृत्तपत्रांतली दखल, नावाजलेल्या संस्थांसाठी महत्त्वाचं काम, व्यावसायिक किंवा समीक्षकांकडून मिळालेलं यश, जाणकारांची मान्यता आणि भरघोस मानधन. शेवटचा निकष आम्ही दोघींनी न बोलताच सोडून दिला.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हा अर्ज स्वतःचा स्वतः करता येत नाही. अमेरिकेतली संस्था किंवा एजंट लागतो. मोठे एजंट आमच्यासारख्यांना विचारत नाहीत, पण एजंट म्हणजे कुणी सूटबूटवाला असायलाच हवा असंही नाही. तो बेसवाला मित्र अमेरिकन नागरिक, स्वतःचा छोटा बँड चालवणारा. तोच एजंट झाला. पुढच्या तीन वर्षांचा कार्यक्रम जोडायचा असतो. आता क्लबवाले तीन महिन्यांच्या पुढचं बोलत नाहीत, त्यामुळे शाळांची पत्रं, एका रेकॉर्डिंगचा करार, दोन दौऱ्यांची इरादापत्रं असं जोडजोडून आम्ही ते वेळापत्रक भरलं.

ऑगस्टच्या शेवटी सामान आवरून ठाण्याला आले. गणपती ७ सप्टेंबरला होते. आरतीला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, परत कधी?" आई परस्पर उत्तर द्यायची, "कागद चाललेत." हे उत्तर तिने पुढे सात महिने दिलं.

कागदांचा ताबा बाबांनी घेतला. टपाल खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस. पंचिंग मशीन, टॅगची दोरी, रंगीत विभाजक, सगळं घरात होतंच. माझ्या शाळेतल्या गॅदरिंगपासूनची प्रत्येक पत्रिका त्यांनी माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती, आणि इतकी वर्षं मी त्या ट्रंकेची चेष्टा करत आले होते. अर्जातला एक तृतीयांश पुरावा त्या ट्रंकेतून निघाला.

ट्रंकेतून एक संकटही निघालं. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. पत्रिकांवर कुठे नुसतं नाव, कुठे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं, एका ठिकाणी तर आडनावच दुसऱ्या कुणाचं. ही सगळी मीच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. कलाकार मंडळींनो, आयोजकाला आपलं नाव पासपोर्टप्रमाणे छापायला सांगा. आखडू म्हटलं तरी चालेल.

मराठी कात्रणांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने, मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण व बरोबर आहे, असं सही करून द्यायचं असतं. सरकारी भाषांतरकार सक्तीचा नाही. घरच्यांनी मात्र करू नये, असा वकिलांचा सल्ला. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी काम घेतलं. त्यांनी आधी मूळ मराठी बातम्यांमधल्याच शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढल्या, मूळ कात्रणावर! बाबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. नशिबाने ट्रंकेत दुसरी प्रत होती.

त्यानंतर त्या म्हणाल्या, "अगं, सगळीकडे तू रसिकांना मंत्रमुग्धच केलंयस." खरंच. चौदा कात्रणांपैकी अकरांत मंत्रमुग्ध, दोनांत तल्लीन आणि एकात 'श्रोत्यांनी अल्पोपाहाराचा लाभ घेतला'. चौदाही तशीच्या तशी भाषांतरित झाली. मंत्रमुग्ध होणारे ठाणेकर कोण, किती, तिकीट काढून आले होते का, हे एकाही बातमीत नव्हतं. हे पुढे भोवलं.

आणि शिफारसपत्रं. सहा जाणकारांची. आपल्याकडची रीत अशी की, "तूच मसुदा पाठव, मी सही करतो." प्रेमानेच म्हणतात. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी एका शनिवार-रविवारी, पंखा फुल करून, मी स्वतःचं कौतुक करणारी सहा पत्रं सहा वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात लिहिली. चौथ्या पत्राला ती बाई मला आवडेनाशी झाली. सहाव्यापर्यंत तिच्याशी माझा काही संबंध उरला नव्हता.

पैशांचं एकदाच सांगते. वकिलांची फी ४,००० डॉलर, हप्त्यांनी. आय-१२९ या अर्जाची फी लहान मालकांसाठी ५३० डॉलर आणि वर ३०० डॉलरचं वेगळं शुल्क. मोठ्या कंपन्यांना याच्या दुप्पट पडतं. लवकर निकाल हवा तर प्रीमियमचे तेव्हा २,८०५ डॉलर होते, त्यात १५ कामकाजी दिवसांत उत्तर येतं. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे नुसतं लवकर उत्तर मिळवायला मी दोन लाख पस्तीस हजार मोजले. यातली बरीच रक्कम माझ्या साठवणीतली, थोडी बाबांच्या मुदत ठेवीतली. त्या दिवसांत घरी दहा मुलांना बासरी शिकवत होते, म्हणून हातखर्च तरी सुटला. बँकेत परदेशी पैसे पाठवायला फॉर्म ए-२ भरावा लागतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कशासाठी? शिक्षण, उपचार, की नातेवाइकांचा सांभाळ?" असामान्यत्वाचा रकाना त्यांच्याकडे नव्हता.

वादकांच्या अर्जाला अमेरिकेतल्या संगीतकारांच्या युनियनचं मतही जोडावं लागतं. ते दहा-बारा दिवसांत आलं, हरकत नाही म्हणून. अर्ज १० ऑक्टोबरला तिथे पोचला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, १ नोव्हेंबरला, उटणं लावून बसले होते आणि फोनवर ईमेल आली. मंजुरी नव्हे, नामंजुरीही नव्हे. आणखी पुरावा मागणारं पत्र, आरएफई. उत्तराला ८४ दिवस. बाहेर लवंगी फुटत होत्या. मी ते पत्र न्हाणीघराच्या दारात उभी राहून वाचलं आणि आईला म्हटलं, काही नाही, कागद चाललेत.

एवढं सांगते की आरएफई म्हणजे नकार नव्हे. मला ते समजायला आठवडा लागला. तो आठवडा मी फ्लूटची पेटीसुद्धा उघडली नाही.

पत्रात तीन हरकती होत्या. शिफारसपत्रं एकसारखी आहेत आणि विशेषणांपलीकडे त्यात काही नाही. कार्यक्रमांची ठिकाणं नावाजलेली असल्याचा पुरावा नाही. आणि तिसरी, जी मला सगळ्यात लागली: फ्लूट हे जॅझच्या चमूत सहसा दुय्यम वाद्य असतं, मग प्रमुख भूमिका कशी?

पहिल्या हरकतीचं उत्तर सोपं होतं, फक्त आधी सुचलं नव्हतं. सहाही जणांना फोन केले आणि प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बोलायला लावलं. पुण्याचे एक तबलावादक म्हणाले, त्या संध्याकाळी वीज गेली होती, माइक बंद, आणि तू स्टेजवरून खाली उतरून तिसऱ्या रांगेत उभं राहून वाजवलंस, आठवतं? मला आठवत नव्हतं. हे त्यांच्या पत्रात गेलं. न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांनी, माझ्या कोणत्या सुरांच्या वळणामुळे त्यांनी वर्गातला एक धडा बदलला, ते लिहिलं. नव्या पत्रांत 'अद्वितीय' हा शब्द एकदाही आला नाही. तुम्ही अजून पत्रं घेतली नसतील तर थेट इथूनच सुरुवात करा.

दुसरी हरकत म्हणजे, ठाण्याचं नाट्यगृह गडकरी रंगायतन काय आहे हे अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला सांगायचं. बाबांनी मसुदा लिहिला. त्याची सुरुवात होती: 'ठाणे हे ऐतिहासिक शहर असून १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून येथे आली.' मी म्हटलं, बाबा, माझ्या बासरीचा आणि रेल्वेचा काय संबंध? त्यावर आमचं भांडण झालं, चांगलं मोठं. पुढे राम गणेश गडकरी कोण, मराठी नाटकाला महाराष्ट्रात काय मान, १९७८पासून या रंगमंचावर काय काय झालं, मासुंदा तलावाच्या काठावर ते कुठे उभं आहे, सोबत फोटो. वकीलबाईंनी बाकीचं निम्मं कापलं आणि रेल्वेचं वाक्य ठेवलं. वाचणाऱ्याला गाव डोळ्यासमोर येतं, म्हणाल्या. बाबा ते अजून ऐकवतात.

तिसऱ्या हरकतीवर मी डिसेंबरचा सगळा महिना घालवला. नऊ पानांचं टिपण लिहिलं, जॅझमधल्या फ्लूटबद्दल. अधिकारी अर्धा बरोबरच होता. फ्लूटचा खालचा आवाज इतका मऊ की ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यासमोर तो बुडतो. माइक सुधारले तसा तो वर आला. १९५३मध्ये फ्रँक वेस काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात गेला, तिथे तो सॅक्सोफोनसोबत फ्लूटही वाजवायचा, आणि हळूहळू लोकांना हे वाद्य जॅझचं वाटू लागलं. पुढे युसेफ लतीफ, एरिक डॉल्फी, वाजवता वाजवता फ्लूटमध्येच गुणगुणणारा रोलंड कर्क, ह्युबर्ट लॉज.

पण मी थांबले ती आल्बेर्तो सोकारास या नावापाशी. जन्म १९०८, क्युबातलं मान्सानियो. सातव्या वर्षी आईकडून फ्लूट शिकायला लागला. १९२७मध्ये न्यूयॉर्कला आला आणि त्याच वर्षी क्लॅरेन्स विल्यम्सच्या बँडबरोबर वाजवलेला त्याचा सोलो जॅझमधल्या अगदी पहिल्या फ्लूट सोलोंमध्ये धरला जातो. पुढे ब्लॅकबर्ड्स या रंगमंचीय कार्यक्रमांत वाजवलं, स्वतःचा बँड काढला, तरुण डिझी गिलेस्पी काही काळ त्याच्या बँडमध्ये होता. १९८७मध्ये तो न्यूयॉर्कमध्येच वारला. म्हणजे हे वाद्य जॅझमध्ये आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक बाहेरून आलेलाच होता. साठच्या दशकात लंडनमध्ये कोलकात्यात जन्मलेला जॉन मेयर (तो गिटारवाला नव्हे) आणि जमैकातून आलेला जो हॅरियट यांनी इंडो-जॅझ फ्युजन्स उभं केलं, त्या चमूतही फ्लूट होती. मी टिपणात एवढंच म्हटलं की वाद्य दुय्यम असेल, पण ते पुढे नेणारे दुय्यम नव्हते. आणि माझ्या ज्या चार कार्यक्रमांत धून फ्लूटकडे होती, त्यांची नोटेशन्स जोडली, माझी ओळ पिवळ्या शाईने रंगवून. काही सिद्ध करण्यासाठी नव्हे तर निव्वळ आवडलं म्हणून लिहिलेली, सबंध अर्जातली तेवढीच नऊ पानं.

उत्तर १५ जानेवारी २०२५ला पोचलं. ४ फेब्रुवारीला मंजुरी आली. मी तेव्हा क्लासच्या मुलांकडून भूपचे अलंकार घोटून घेत होते. एक मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही रडताय का, सा लागत नाहीये का माझा?

मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. आय-७९७चा, म्हणजे मंजुरीचा, कागद आल्यावर डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, २०५ डॉलर भरायचे, मग दोन फेऱ्या. ११ मार्चला बोटांचे ठसे, १२ला वकिलातीत मुलाखत. दोन्ही बीकेसीत. ठाण्याहून कुर्ला, तिथून रिक्षा. सकाळच्या लोकलचं गणित ठाणेकरांना सांगायला नको, तासभर हातचा ठेवा. फोन आत नेता येत नाही. बाबा सोबत आले आणि माझा फोन, माझी पर्स आणि एक छत्री (मार्चमध्ये!) घेऊन बाहेर उभे राहिले. फोटोत चष्मा चालत नाही, तो आधीच काढून ठेवा.

मुलाखत तीन मिनिटांची. काचेपलीकडचा तरुण अधिकारी संगीतातला दिसत होता. पैसे कोण देणार, राहणार कुठे, झालं. मग सहज विचारलं, "मला माहीत असेल अशा कुणाबरोबर वाजवलंयस?" आणि ४१२ पानं, सहा पत्रं, साडेसहा लाख रुपये यांच्यावर पाणी ओतत माझ्या तोंडून निघालं, "नाही हो, बहुधा कुणीच नाही."

तो थांबला. पडद्याकडे बघत म्हणाला, "तुझ्या फाइलमध्ये वेगळं लिहिलंय." मी म्हटलं, फाइल बरोबर आहे. तो हसला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. तुम्ही असं करू नका. दोन नावं पाठ करून जा.

पासपोर्ट २० मार्चला हातात आला. २८ला निघाले. कामाची परवानगी १ एप्रिलपासून होती. दहा दिवस आधीपर्यंत देशात शिरता येतं, पण त्या दिवसांत काम करता येत नाही. फ्लूट महाग असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यातीचं प्रमाणपत्र करून घ्या, पावती आणि फ्लूटवरचा क्रमांक लागतो. परत येताना तीच वस्तू नवी आणली म्हणून ड्यूटी मागू नयेत, यासाठी. वीस मिनिटं लागली. बांबूच्या तीन बासऱ्या हातातल्या पिशवीत होत्या, त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पोचल्यावर आय-९४ ची (देशात कधीपर्यंत राहता येईल याच्या नोंदीची) तारीख संकेतस्थळावर लगेच तपासा. माझी बरोबर होती.

हा व्हिसा ३१ मार्च २०२८पर्यंत आहे, त्यापुढे एकेक वर्षाची मुदतवाढ, आणि त्यासाठी पुन्हा पुरावे. बाबांनी नवी बॉक्स फाइल आणून ठेवली आहे.

पहिला कार्यक्रम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, क्वीन्समधल्या एका छोट्या जागेत. श्रोते एकोणीस. मानधन ७५ डॉलर आणि एक वाटी सूप. फ्लायरवर माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, चौथ्या प्रकारे. मालकाकडून दोन प्रती मागून घेतल्या.